गुणाचं लेकरू

माझा पहिला मुलगा जन्मला आणि दोन-तीन दिवसांत आमच्या घरातला सगळ्यात गुणी माणूस ठरला. आमच्या घरात गुणी ठरणं सोपं नव्हतं. मला एवढ्या वर्षांत ते जमलं नव्हतं, आणि त्यानं ते काहीही न करता मिळवलं. तो रडत नव्हता, दूध मागत नव्हता, हातपाय झाडत नव्हता. ठेवला तिथं पडून राहायचा. शेजारच्या बायका दारातून डोकावून जायच्या आणि आपापल्या पोरांना घरी गेल्यावर शिव्या घालायच्या.

हैदराबादचं राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला, त्या सुमाराची ही गोष्ट. पहिलं बाळंतपण म्हणून मी तुळजापूरहून माहेरी, कळंबला आले होते. सासरची माणसं पुजारी, माहेरची कारकून. एका घरी सगळं देवाला विचारून व्हायचं, दुसऱ्या घरी साहेबाला विचारून. बाईला विचारायची पद्धत दोन्हीकडं नव्हती. वडील तहसील कचेरीत होते. निजामाच्या काळात ते उर्दूत लिहायचे, आता मराठीत लिहायला लागले होते, आणि दोन्ही काळांत आलेल्या माणसाला 'उद्या या' एवढंच सांगत होते. आई मी शाळेत असतानाच गेली होती. घर चालवायची ती आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढं वडीलसुद्धा फार बोलत नसत.

बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला होती. माळवदाला एक साणं होतं, त्यातून पडेल तेवढाच उजेड. सोयर म्हणून दहा दिवस मला आणि बाळाला कोणी शिवायचं नाही. सकाळी सुईण येऊन आम्हा दोघांना न्हाऊ घालायची, आणि ती गेली की आम्ही जप्तीतल्या मालासारखे पडून असायचो. ज्यानं त्यानं लांबून पाहायचं, खात्री करायची आणि जायचं. जेवणाचं ताट उंबऱ्याशी यायचं, मी ते आत ओढून घ्यायची.

बाळाच्या बेंबीवर आत्याच्या सांगण्यावरून गोवरीची राख आणि हळद दाबलेली होती. आमच्या खानदानात सगळ्यांच्या बेंबीला हीच राख लागली आणि सगळे धडधाकट जगले, असं ती सांगायची. जे जगले नाहीत ते काही सांगायला येत नव्हते, त्यामुळं तिचं म्हणणं खोडून काढायला कोणी उरलं नव्हतं. राख सुकली की सुईण वर आणखी राख दाबायची.

जन्मताना तो रडला होता. नंतर दोन दिवस बारीक कुईकुई करायचा. मग तेही थांबलं. छातीशी धरला तर तोंड लावायचा, एक-दोनदा ओढल्यासारखं करायचा आणि सोडून द्यायचा. माझी छाती दगडासारखी झाली होती, हात लावला तरी कळ यायची. मी आत्याला हाक मारली. ती उंबऱ्यापलीकडं लुगडं सावरून उभी राहिली.

"आत्या, हा दूध ओढत नाही."

"पोट भरलेलं असंल. काही जीव जन्माला येतानाच तृप्त असत्यात."

"रडतही नाही."

"मग? रडावं का त्यानं? लोकांची लेकरं घर डोक्यावर घ्यायलीत. लई गुणाचं लेकरू हाय गं हे. मागच्या जन्मी कुणीतरी साधू असणार."

झोपेत त्याचा ओठ मधूनच थरथरायचा. आत्या म्हणायची, सटवाई खेळवायलीय त्याला. सटवाई त्याला हसवत होती, सटवाई झोपवत होती. दूध पाजायचं तेवढं तिनं माझ्यावर सोडलं होतं, आणि ते मला जमत नव्हतं.

वडील कचेरीतून आले की दाराशी यायचे आणि टोपी न काढता विचारायचे, "ताप आहे का?"

"नाही. अंग थंडच लागतंय."

"मग बरं आहे," असं म्हणून ते निघून जायचे. आमच्या घरात ताप हा एकच रोग मंजूर होता. बाकी सगळ्या तक्रारींवर सुंठ आणि गप्प बसणं, हे दोनच उपाय होते. मी म्हटलं, बाळाचा रंग मातकट दिसतोय. तर आत्या म्हणाली, सासरच्या वळणावर गेलाय.

पाचवीचा दिवस उजाडला. पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, आणि कोरा कागद, दौत आणि टाक ठेवायचा. कागदाची जबाबदारी वडिलांकडं होती. त्यांनी कचेरीतला चांगला जाड कागद आणला आणि डाव्या बाजूला घडी घालून समास पाडला. आत्यानं विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, लिहिणाऱ्याची सोय बघावी. निजामाच्या राज्यात सटवाई कोणत्या लिपीत लिहायची, हे मी विचारणार होते, पण हसायची ताकद नव्हती.

पाचवीच्या निमित्तानं वडिलांनी त्यांच्या कचेरीतल्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. नातू झाला हे कारण, आणि साहेब नवीन बदलून आले होते हे खरं कारण. साहेबांना संध्याकाळची एसटी गाठायची होती, म्हणून पुरुषांची पंगत उन्हं असतानाच बसली. पूजा दिवेलागणीला व्हायची होती. आत्या सोवळ्यात वाढत होती. पुरणाचा वास खोलीपर्यंत आला.

मी बाळाला मांडीवर घेतलं होतं. त्याची पावलं हातात धरली तर ती रांजणाच्या पाण्यासारखी गार. पोट मात्र फुगलेलं. बेंबीवरची राख एका बाजूनं निघाली होती, तिच्या कडेनं लाल कडं दिसत होतं आणि कुबट वास येत होता. मी त्याच्या तळव्याला चिमटा काढला. त्यानं पाय ओढून घेतला नाही.

आत्या पुरणपोळ्या न्यायला माजघरात आली तेव्हा मी म्हटलं, "आत्या, याला डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. आत्ताच."

"आज? पाचवीच्या दिवशी? येड लागलंय का तुला? दहा दिवस होऊ दे."

"दहा दिवस हा टिकणार नाही."

"अभद्र बोलू नकोस. ताप हाय का? न्हाई. बेंबीत पू झालाय का? न्हाई. रडायलंय का? न्हाई. मग रोग कशाचा?"

पुरावा नाही, म्हणून प्रकरण निकाली निघालं. ती पुन्हा वाढायला गेली. मी बाळाला धडप्यात गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं आणि उठले. मागून परसात जाता येत होतं, पण परसाला चारी बाजूंनी भिंत. बाहेर पडायचं तर माजघरातून, ओसरीवरून, पंगतीसमोरून.

मी माजघरात पाऊल टाकलं तशी आत्या धावत आली आणि दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. एका हातात तुपाचं भांडं. "खबरदार, एक पाऊल पुढं टाकशील तर!" मी टाकलं. आणखी एक टाकलं. आणि मग मला एक गोष्ट उमगली, जी इतके दिवस त्या खोलीत पडून उमगली नव्हती. मला अडवायचं तर मला शिवावं लागणार होतं. आणि या घरात मला शिवायची कोणाची हिंमत नव्हती. आत्याचं सोवळं, हातातलं तूप, चुलीवरचं पुरण, बसलेली पंगत, सगळं माझ्या एका बोटावर होतं. मी सरळ तिच्या अंगावर चालून गेले. विस्तवाचा चटका बसावा तशी ती बाजूला उडाली, आणि भांड्यातलं तूप जमिनीवर सांडलं.

ओसरीवर साहेबांचा घास हातात तसाच राहिला. पंगतीतली माणसं पाटांवरच मागं मागं सरकली. कोणीतरी "शिवशिव" म्हणालं. एरवी ओसरीवर पुरुष बसलेले असताना मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून भिंतीच्या कडेनं जायची. त्या दिवशी मला मधोमध रस्ता मिळाला. वडील पाणी वाढत होते, ते तांब्या हातात घेऊन पुतळ्यासारखे उभे. "अण्णा, डॉक्टरकडं चालले," एवढंच मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

मोंढ्यातून जाताना ज्वारीच्या पोत्यांवर बसलेले हमाल उठून उभे राहिले. ओली बाळंतीण भर रस्त्यानं चाललीय, हे कळंबनं पाहिलं नव्हतं. कंबर मोडून आली होती. थोड्या वेळानं मागं पाहिलं तर वडील येत होते. रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, माझ्यापासून चांगलं अंतर राखून, पण येत होते. तांब्या अजून हातातच होता.

मोंढ्याच्या कोपऱ्यावर गावातले डॉक्टर बसायचे. हैदराबादला शिकलेले, तिरसट म्हणून प्रसिद्ध. अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलायचे आणि दोन्हीतून रागवायचे. मी बाळ टेबलावर ठेवलं.

"क्या हुआ?"

"रडत नाही," मी म्हटलं.

"घरवाले तो खूश होंगे," ते म्हणाले, आणि धडपं सोडलं. उकळलेल्या पाण्यानं बेंबीवरची राख धुतली. खालची कातडी लालभडक होती, आणि तो लालपणा पोटावर पसरला होता.

वडील दारातून म्हणाले, "ताप मात्र अजिबात नाही, डॉक्टरसाहेब."

"ताप कहाँ से आयेगा? ताप यायला पण अंगात जोर लागतो."

त्यांनी पेनिसिलिनची सुई भरली. ती सुई त्याच्या मांडीत गेली तेव्हा त्याचं तोंड उघडलं, चेहरा आक्रसला, पण आवाज आला नाही. नुसतं उघडं तोंड. इतका वेळ मी रागावर चालत आले होते. त्या उघड्या तोंडाकडं पाहिल्यावर राग संपला आणि मी हमसून हमसून रडायला लागले. डॉक्टरांनी मला रडू दिलं. त्यांनी त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढला, काचेवर पसरवला, त्यावर रंग ओतला, धुतला आणि काच वाळवली. मग पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडं फिरवून ते काच सरकवत राहिले. बराच वेळ काही तरी शोधत होते.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

त्यांनी मला बघू दिलं. गुलाबी चकत्यांचा नुसता खच पडला होता. त्यात एका कडेला एक मोठी पेशी, पोटात जांभळा वळसा असलेली. डॉक्टर म्हणाले, गुलाबी आहेत त्या लाल पेशी, त्यांना सोड. जांभळी दिसते ती पांढरी पेशी. "वो सिपाही है. जंतू शिरला की धावत जातो, त्याला गिळतो, आणि गिळून स्वतः मरतो. मेलेल्या सिपायांचा ढीग म्हणजे तुमचा पू."

"पण पू नाहीच झालेला," वडील म्हणाले. आशेनं म्हणाले.

"म्हणूनच तर मी डरतोय! पू न्हाई म्हणजे लढाई न्हाई, असं समजले तुम्ही. अहो, लढायला कोणी पोचलंच न्हाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मोठ्या माणसाच्या हाडांत या पांढऱ्या पेशींचा साठा असतो. जंतू आले की तिथून फौज निघते, रक्तात त्यांची संख्या वाढते. तान्ह्या लेकराचा साठाच लहान. पहिल्या हल्ल्यात सगळा बाहेर पडतो आणि मागं खडखडाट. वाढायला हव्यात त्याच वेळी रक्तातल्या पेशी कमी होतात. आणि ज्या असतात त्याही धिम्या, जखमेपर्यंत वेळेवर पोचत नाहीत. त्यांनी पुन्हा काचेत पाहायला लावलं. पिकलेल्या पेशीच्या पोटातल्या वळशाचे तुकडे पडतात, इथं तो नुसता वाकलेला होता. "कोवळी आहे. कणगीतली ज्वारी संपली की माणूस उभ्या पिकातली कोवळी कणसं कापतो की न्हाई? त्याचं शरीर तेच करायलंय."

वडिलांनी बराच विचार केला. "म्हणजे जागा मंजूर आहेत, पण भरतीच नाही. शिकाऊ उमेदवारांवर कचेरी चाललीय."

"हां. बिलकूल बरोबर," डॉक्टर म्हणाले. "और आप लोग पंगत बिठाये थे."

एवढी अचूक तुलना केल्याबद्दल वडिलांना कुणीतरी शाबासकी द्यायला हवी होती. ते तांब्या खाली ठेवून बाकावर बसले, आणि थोड्या वेळानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

"जगेल का हो?" मी विचारलं.

"मालूम नही. सुई जंतूंना मारेल, पण सगळ्यांना न्हाई. बाकी याला स्वतःला लढायचंय. तोपर्यंत दूध पिळून चमच्यानं पाज. अंगाशी धर, खाली ठेवू नको. ऊब तुटली तर सुईचा काही उपयोग न्हाई."

ज्या जिवाला दहा दिवस कोणी शिवायचं नव्हतं, त्याला औषध म्हणून शिवणं लिहून मिळालं. मी तिथंच राहिले, दवाखान्याच्या रस्त्याकडच्या खोलीत. पोलक्याच्या आत त्याला पोटाशी बांधून बसायची. दूध पिळून चमच्यानं थेंब थेंब घालायची, त्यातलं निम्मं ओठांवरून ओघळायचं. ठरल्या वेळी डॉक्टर सुई टोचायचे. तो तोंड उघडायचा, आवाज नाही.

मोंढ्याला आयतं कीर्तन मिळालं. हमाल, अडते, बाजाराला आलेले शेतकरी खिडकीतून डोकावून जायचे आणि आपापलं निदान सांगायचे. कुणी दृष्ट म्हणायचं, कुणी मुंज्या. एकानं तर सगळा दोष मुंबई राज्याला दिला, म्हणाला, हैदराबादेत होतो तेव्हा असं नव्हतं.

आत्या रोज डबा घेऊन यायची आणि समोर रस्त्याच्या पलीकडं, कडुनिंबाखाली उभी राहायची. दवाखान्यात पाऊल टाकायची नाही. डबा वडील आणून द्यायचे आणि पुन्हा जाऊन विटाळ धुवायचे. घर शुद्ध करायला किती गोमूत्र लागलं, हे मला वडिलांकरवी कळवण्यात आलं. साहेब न जेवता उठले हेही. एकदा मात्र ती रस्ता ओलांडून खिडकीपाशी आली.

"पूजा न्हाई झाली गं," ती म्हणाली. "सटवाई येऊन तशीच गेली असंल. नशीबच लिहिलं न्हाई लेकराचं. कागद कोराच राह्यला."

मी भांडणाच्या तयारीत होते. पण रात्रभर झोप नसल्यासारखे तिचे डोळे सुजले होते. ती नाटक करत नव्हती. त्या कागदासाठी ती खरंच भेदरली होती.

"कोरा आहे ना, आत्या? मग वाईटही काही लिहिलेलं नाही."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग पुन्हा कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली.

मग एके दिवशी सकाळी डॉक्टरांनी बेंबीवरची पट्टी सोडली आणि ओरडलेच. मला वाटलं, संपलं. बघते तर पट्टीवर पिवळा घट्ट पू. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर, लाडू वाटावेत, असा आनंद. "मुबारक हो! सिपाही पोचले!" त्यांनी लगेच टाचेतून रक्त घेतलं आणि काच रंगवली. या वेळी जांभळे ठिपके शोधावे लागले नाहीत. जिथं काच सरकवावी तिथं दोन-चार होतेच.

वडिलांना हे काही पटेना. पेशंट आला तेव्हा पू नव्हता, दवाखान्यात राहून पू झाला, आणि डॉक्टर मुबारक म्हणतात. त्यांनी रस्त्यापलीकडं जाऊन आत्याला सगळं सांगितलं. आत्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"त्या डॉक्टरलाच कुणाला तरी दाखवा आधी!"

पू आला म्हणून मी काही निर्धास्त झाले नव्हते. बाळ अजून तसंच माझ्या पोटाशी पडून होतं, फक्त पावलं आता गार लागत नव्हती. चमच्यानं घातलेलं दूध ओघळत नव्हतं. पण डोळे उघडत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारायचं सोडून दिलं होतं, कारण ते दर वेळी खरं उत्तर द्यायचे.

दुपारी सुईची वेळ झाली. डॉक्टरांनी मांडी पुसली, सुई टोचली. त्यानं तोंड उघडलं. मी दुसरीकडं बघितलं, ते उघडं मुकं तोंड मला सहन होत नव्हतं. आणि आवाज आला. आधी घोगरा, अडकलेला, मग फुटला तो फुटलाच. डॉक्टरांनी सुई बाहेर काढली तरी थांबेना. लालबुंद झाला, मुठी आवळल्या, पाय झाडायला लागला. अंगातला सगळा राग एकदम काढत असावा असा ओरडत होता. माझ्या छातीतून आपोआप धारा लागल्या, पोलकं भिजलं, पदर भिजला. मी त्याला उचलून घेतलं, तर त्यानं मलाच लाथ मारली.

खिडकीबाहेर आत्या डबा घेऊन उभी होती. मोंढ्याकडं तोंड करून, कपाळाला आठ्या घालून, ती त्रासलेल्या आवाजात विचारत होती, "अगं बाई, कुणाचं लेकरू आरडायलंय हे एवढं?"

त्याचा असा मोठा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. आमच्यापैकी कोणीच ऐकला नव्हता.

"आपलंच आहे, आत्या," मी म्हटलं.

ती वळली. खिडकीतून तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. डबा तिनं तिथंच रस्त्यात ठेवला, दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत आली, आणि दहावा दिवस अजून उजाडला नव्हता तरी, काही न विचारता, त्याला माझ्या हातातून घेतलं.